तळघरातली रांग

थोरलीने एकदा रांगेत पाय रोवले की तिला तिथून हलवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. बँकेत असो, दवाखान्यात असो, तिचा नंबर म्हणजे तिचा नंबर. घरात सगळे तिला मागून 'सरकार' म्हणायचे. तिचा नवराही म्हणायचा, पण दार लावून घेऊन.

धाकटी जाऊ या घरात येऊन चार वर्षं झाली होती. अंगाने बारीक, बोलायला भराभर, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. खाली त्यांचं ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचं वर्कशॉप आणि वर घर, त्यामुळे दिवसभर कटरचा कर्कश आवाज आणि जिन्यावर चंदेरी भुसा. महिन्याचं सामान आणायला दोघी जावा एकत्र जायच्या. म्हणजे थोरली जायची आणि चिमणी तिच्यामागे ट्रॉली ढकलायची.

त्या दिवशी सुपरमार्केटचा वाढदिवस होता. वर्षातून एकदा सगळ्यावर सूट, त्यामुळे सगळं गाव लोटलं होतं. दुकान एका मोठ्या इमारतीच्या तळघरात होतं. पूर्वी तिथे गाड्या लावायची जागा होती. खांबांवर अजून पिवळे-काळे पट्टे होते आणि रंग उडालेले आकडे होते. खाली उतरायला सरकता जिना होता, वर जायला मात्र नव्हता. बाहेर पडायचं तर बिलाच्या काउंटरमधूनच पडायचं आणि मग गाड्यांसाठी केलेल्या उतारावरून चढत रस्त्यावर यायचं. माणसं आत यायची लोंढ्याने आणि बाहेर जायची थेंबाथेंबाने.

"वहिनी, परत येऊ या का उद्या?" जिन्यावरून खालची डोकी बघूनच चिमणी म्हणाली.

"उद्या काय फुकट देणारेत?" थोरली म्हणाली. "चल, पिशव्या नीट धर."

ट्रॉलीचं पुढचं एक चाक अडकत होतं, त्यामुळे ती सारखी डावीकडे पळायची. तेलाच्या डब्यांपाशी दोन बायका ट्रॉल्या आडव्या लावून गप्पा मारत होत्या. त्यांना "जरा सरकता का" म्हटलं तर त्यांनी असं बघितलं की जणू त्यांच्या घरात कुणी न विचारता शिरलंय. तांदळाच्या पोत्यावर एक पोरगं झोपलं होतं. वजनकाट्यापुढे ढकलाढकली चालली होती आणि काट्यावरची मुलगी सगळ्यांना एकच उत्तर देत होती, "स्टिकर संपलेत, आणायला गेलेत." थोरली साबण बघायला वळली तेवढ्यात त्यांच्या ट्रॉलीतली साखरेची पिशवी गायब झाली. थोरलीने दोन रांगा पालथ्या घातल्या, एका जाडजूड गृहस्थाच्या ट्रॉलीत ती पिशवी ओळखली आणि काही न बोलता उचलून आणली.

"अहो, ती माझी आहे!" तो ओरडला.

"कोपऱ्यात फाटलीय, माझ्या नखाने," थोरली म्हणाली. "तुमची नखं दाखवा."

चिमणीला हसू आवरेना. दुपारभर तेवढंच काय ते हसली ती.

बिलाची रांग मागे सरकत सरकत थेट गोठवलेल्या मालाच्या फ्रीजपर्यंत पोचली होती. काउंटर डझनभर होते, चालू होते तीन. एकाची बिलाची पट्टी अडकली. दुसऱ्यावर कुणाचा तरी नवरा "एकच वस्तू राहिली" म्हणून पळाला तो आलाच नाही. थोरलीचा गुडघा दुखायला लागला होता. ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहायची, पण बसायचं नाव नाही.

त्यांच्या मागे निळा स्वेटर घातलेली एक बाई होती. पन्नाशीची असेल. ट्रॉलीत थोडंसंच सामान, त्यात कपडे धुवायच्या पावडरीचं भलंमोठं पोतं. बोलायला मोकळी होती.

"मी दर वर्षी येते या दिवशी," ती म्हणाली. "इतके तास काढलेत मी या रांगेत, आता हे माझं माहेरच झालंय म्हणा."

"मग माहेरच्यांना सांगा ना जरा हात चालवायला," थोरली म्हणाली. दोघींचं छान जमलं. चिमणीनेही अंग सैल सोडलं.

वास पहिल्यांदा आला तेव्हा कुणीच त्याच्याबद्दल बोललं नाही. इस्त्रीखाली प्लास्टिकचं बटण यावं तसा वास. मग एक जण म्हणाला, बेकरीचा ओव्हन असेल. दुसरा म्हणाला, वरच्या रस्त्यावर कुणी कचरा पेटवला असेल. निळ्या स्वेटरवाली म्हणाली, "हे फ्रीज फार जुने झालेत हो, मागच्या वर्षीही असाच वास होता." मग त्या फ्रीजची घरघर बंद पडली. एवढा वेळ तो आवाज होता हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. तो थांबल्यावर कळलं. दिवे गेले आणि आले. सगळ्या तळघरातून एकदम "आँ" असा आवाज उठला आणि त्यामागोमाग हशा पिकला.

स्पीकरवरून गाणं थांबलं. "ग्राहकांनी घाबरण्याचं कारण नाही. किरकोळ बिघाड आहे. आजची सूट दुकान बंद होईपर्यंत चालू राहील." आणि गाणं परत सुरू.

चिमणीने वर बघितलं. फ्रीजच्या वरच्या छतावर, पांढऱ्या चौकोनी पत्र्यांपैकी एकावर चहा सांडल्यासारखा डाग होता. ती बघत असताना तो शेजारच्या पत्र्यावर गेला. छताला लागून एक करडा पातळ थर होता. तो अगदी सावकाश, श्वास घेतल्यासारखा, सरकत्या जिन्याच्या दिशेने जात होता.

"वहिनी, वर बघा."

थोरलीने बघितलं. "धूळ आहे. एसीची."

"धूळ नाहीये ती. आपण जाऊ या."

"कुठे? दोन तास होत आलेत मला या गुडघ्यावर उभं राहून. आता कुठे पुढे पाच-सहा जण राहिलेत." मग थोरलीने आवाज जरा मऊ केला. "अगं, वास मलाही येतोय. पण आग असती तर हे सगळे असे उभे राहिले असते का?"

"खरंय," निळ्या स्वेटरवाली म्हणाली. "एवढी माणसं उभी आहेत म्हणजे काही नसणार."

चिमणीने त्या माणसांकडे बघितलं. प्रत्येक जण वर बघत होता, मग शेजारच्याकडे बघत होता, शेजारचा उभा आहे म्हटल्यावर परत ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवत होता.

ती रांग सोडून पुढे गेली, ट्रॉल्यांच्या फटींमधून अंग चोरत. काउंटरच्या पलीकडे, उताराच्या तोंडाशी गार्ड उभा होता.

"बिल?" त्याने हात पुढे केला.

"बिल नाही. आत आग लागलीय बहुतेक. तुम्ही लोकांना बाहेर काढा ना."

"मेंटेनन्सचा माणूस गेलाय बघायला."

"मग निदान ती बाजूची वाट उघडा." काउंटरच्या शेजारी खरेदी न करणाऱ्यांसाठी एक अरुंद वाट होती. त्या वाटेवर आज बिस्किटांची खोकी पार छातीपर्यंत रचली होती आणि पुढे साखळी होती.

"आज ती बंद आहे. वरून तसं सांगितलंय, गर्दीत माल जातो म्हणून. रांगेतून या ताई."

रांगेत सगळ्यांत पुढे तोच साखरेवाला गृहस्थ होता. त्याने चिमणीला ओळखलं. "नंबर लावायची ही नवी तऱ्हा वाटतं," तो मोठ्याने म्हणाला. "आग आग म्हणायचं, सगळे पळाले की आपण आरामात बिल करायचं!"

आजूबाजूचे हसले. काउंटरवरची मुलगीही हसली, दमलेल्या चेहऱ्याने. चिमणीच्या कानांतून वाफा निघाल्या. ती परत मागे आली. येताना तिने आणखी दोघा-तिघांना सांगून बघितलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बेटा, अनाउन्समेंट झाली ना?"

ती थोरलीपाशी पोचली तेवढ्यात मेंटेनन्सचा माणूस मागून आला. निळा डगला, नाकावर ओला रुमाल. तो पळत नव्हता, पण पळू नये म्हणून स्वतःला आवरत होता. तो कुणाशी बोलला नाही. रांगेच्या कडेकडेने गेला, एका काउंटरवर हात टेकून पलीकडे उडी मारली आणि गार्डकडे न बघता उतारावरून वर निघून गेला. गार्डने त्याच्या पाठीकडे बघितलं. मग तो परत समोर वळला आणि पुढच्या बाईचं बिल तपासायला लागला.

चिमणीच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी, तो माणूस बघितलात? चला. सामान राहू दे इथेच."

"तुला जायचं तर जा," थोरली म्हणाली. "मी नाही येत. वर जाऊन उभी राहा, हवा लागेल जरा."

तिला सोडून जायचं? चिमणीने तिचा हात धरून ओढला. थोरलीने झटकला. ओढून नेण्याजोगी ती बाई नव्हतीच. छतावरचा थर आता खाली आला होता आणि त्यात दिव्यांभोवती पिवळी कडी दिसत होती.

मग चिमणीने जे केलं ते तिने ठरवून केलं नाही. मागच्या वर्षी तिला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी पोटात दुखायला लागलं तेव्हा ती थोरलीला सांगायला गेली होती. थोरली म्हणाली होती, होतं असं पहिल्या वेळी, जरा पडून राहा. संध्याकाळी सगळं संपलं. त्यावर थोरली नंतर एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवसापासून चिमणीच्या ताटात तूप किंवा दूध कमी पडलं नाही, आणि चिमणी खोकली तरी शेजारच्या खोलीतला दिवा लागायचा.

चिमणीने पोट धरलं आणि ट्रॉलीवर ओणवी झाली. "वहिनी," ती म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं. मला दिवस गेलेत. आणि दुखतंय. तसंच दुखतंय."

थोरलीने काही विचारलं नाही. दोन तास जिथे पाय रोवले होते ती जागा तिने एका क्षणात सोडली, चिमणीच्या काखेत हात घातला आणि अशी ओरडली की स्पीकरवरचं गाणं ऐकू येईना.

"सरका! पोटुशी बाई आहे! सरका सगळे!"

आणि सगळे सरकले. निळ्या स्वेटरवालीने त्यांची ट्रॉली आपल्याकडे ओढून घेतली. "जा जा, तुम्ही जा," ती म्हणाली. "ट्रॉली मी सांभाळते. नंबर जाऊ देणार नाही तुमचा." चिमणीने तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, पण थोरली तिला पुढे नेत होती. म्हाताऱ्या गृहस्थांनी ट्रॉली तिरकी केली. कुणी पाण्याची बाटली पुढे केली. साखरेवाल्याने तर स्वतःची भरलेली ट्रॉली अंगाने रेटून कडेला नेली आणि म्हणाला, "माफ करा ताई, मला माहीत नव्हतं." गार्डने काहीही न विचारता वाट दिली.

"आग आहे," चिमणी येताना प्रत्येकाला म्हणत होती. "खरंच आहे, तुम्हीही चला."

"बोलू नकोस," थोरली म्हणायची. "श्वास घे." आणि लोक मान हलवायचे, कळ सोसणाऱ्या बाईच्या बोलण्यावर हलवावी तशी. त्या दोघी पुढे गेल्या की मागची फट भरून यायची. ट्रॉल्या परत आपापल्या जागी.

बाहेर अजून उजेड होता. रस्त्यावर सगळं नेहमीसारखं चाललं होतं, हेच चिमणीला विचित्र वाटलं. थोरलीने तिला उताराच्या कठड्यावर बसवलं, स्वतः खाली जमिनीवर बसली, तो गुडघा दुमडून, आणि तिचे पाय मांडीवर घेऊन तळवे चोळायला लागली. एका हाताने तिने दिराला, म्हणजे चिमणीच्या नवऱ्याला, फोन लावला. "गाडी घेऊन ये. आत्ता. विचारू नकोस काही." फोन ठेवून ती म्हणाली, "या वेळी काही होणार नाही. ऐकतेयस? मी होऊ देणार नाही." थोरलीला असं कधी कुणी बघितलं नव्हतं.

"वहिनी," चिमणी म्हणाली, "मला काही झालेलं नाही. दिवस गेलेले नाहीत."

थोरलीचे हात थांबले.

"तुम्ही आला नसतात. मी काय करणार होते?"

थोरलीने तिचे पाय मांडीवरून उचलले आणि एक एक करून खाली ठेवले. मारलं असतं तर बरं झालं असतं असं चिमणीला वाटलं. खालून एक बोदा आवाज आला, मोठं कपाट पडावं तसा, आणि उताराच्या तोंडातून काळा धूर भसाभस बाहेर आला. त्यामागून माणसांचा आवाज आला, आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा.

"आणि ती बाई?" थोरली म्हणाली.

ती उठली आणि लंगडत उतारावरून खाली निघाली. चिमणी तिच्यामागे धावली.

काउंटरच्या फटींत ट्रॉल्या अडकल्या होत्या. आता सगळ्यांनाच बाहेर यायचं होतं, आणि येताना पहिल्यांदा प्रत्येकाने सवयीने ट्रॉलीच पुढे ढकलली होती. एकीत दुसरी घुसली, दुसरीत तिसरी. त्यांच्यामागे अंधारात नुसते हात आणि खोकला. थोरलीने पहिल्या ट्रॉलीचा दांडा धरला. "सोडा ती ट्रॉली!" ती ओरडली. "हात सोडा म्हणते ना! पाय घाला वरून, या!" चिमणीने दुसऱ्या बाजूने ओढलं. ट्रॉली सुटून आली, ती त्यांनी उतारावर आडवी फेकली. मग दुसरी. गार्ड बिस्किटांची खोकी लाथेने उडवत होता आणि रडत होता. रस्त्यावरून दोन-तीन पुरुष धावत आले. वाट झाली तशी माणसं बाहेर पडायला लागली, कुणी वाकून, कुणी हातापायांवर. वजनकाट्यावरची मुलगी आली. साखरेवाला आला, त्याच्या पाठीवर तांदळाच्या पोत्यावरचं ते पोरगं होतं.

थोरली प्रत्येक चेहऱ्याशी जाऊन बघत होती. पण आता कुणाचाच स्वेटर निळा नव्हता. सगळे एकाच रंगाचे होते.

अग्निशामक दलाचे बंब आले तेव्हा जवानांनी दोघींना धरून रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. "आत एक बाई आहे," थोरली त्यांना सांगत होती. "नाव काय?" एकाने विचारलं. तिला नाव माहीत नव्हतं. "निळा स्वेटर," ती म्हणाली. "आमची ट्रॉली आहे तिच्याकडे."

त्यानंतर कितीतरी दिवस थोरली चिमणीशी बोलली नाही. दिराने विचारलं, फोनवर काय म्हणत होतीस, तर ती म्हणाली, "गर्दीत चक्कर आली होती तिला." बाकी कुणाला काही सांगितलं नाही. ताटात तूप तसंच पडायचं, पण वाढणारी वर बघायची नाही. रोज सकाळी ती चष्मा लावून पेपर घेऊन बसायची. दगावलेल्यांचे फोटो यायला लागले होते. म्हातारे गृहस्थ त्यात होते. प्रत्येक फोटोवर बोट ठेवून ती थांबायची आणि मग पुढे जायची. फोटो संपल्यावर एका सकाळी तिने पेपर घडी करून ठेवला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाली, "चल."

दुसऱ्या दवाखान्यात निळ्या स्वेटरवाली सापडली. तोंडावर मास्क, केस एका बाजूने जळालेले. शेजारी तिची मुलगी बसली होती. आई फ्रीजपाशी सापडली, ती म्हणाली. अंधारात सगळे पुढे गेले आणि ती उलट्या दिशेने गेली. "सारखं म्हणत होती, दोन ट्रॉल्या होत्या हातात, वळवता येईनात. दोन कशा असतील? ती एकटीच गेली होती."

थोरलीने पलंगाची कड धरली.

बाईने डोळे उघडले. दोघींना ओळखायला तिला वेळ लागला. मग तिची नजर चिमणीच्या पोटावर गेली आणि पट्टी बांधलेला हात चादरीवरून जरासा उचलला गेला. काय विचारतेय ते सगळ्यांना कळलं.

चिमणीने चादरीचं टोक सारखं केलं.

"छान आहे," थोरली म्हणाली. "दोघंही छान आहेत. तुम्ही काळजी करू नका."

त्या बाहेर आल्या. जिन्यावर चिमणी म्हणाली, "वहिनी, हे तुम्ही काय—"

"मग काय सांगू तिला त्या पलंगावर?" थोरली म्हणाली. इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं धड वाक्य.

बाई वाचली. आवाज गेला होता, फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नव्हती, पण ती घरी आली. त्या दिवशी दवाखान्यातच तिच्या मुलीने थोरलीचा फोन नंबर मागून घेतला होता. मग फोन यायला लागले. आधी मुलगी बोलायची, मग घासलेल्या पत्र्यासारख्या आवाजात बाई स्वतः. एकच चौकशी. कशी आहे पोर? खाते का नीट? थोरली भिंतीकडे तोंड करून उत्तरं द्यायची. "तिसरा संपला," ती म्हणायची. "हो, चौथा लागला." एकदा चिमणीने बघितलं, ती बोटांवर महिने मोजत होती.

त्या रात्री चिमणीला झोप लागली नाही. सकाळी वर्कशॉपमधला कटर सुरू झाला तेव्हा ती तयार होऊन बाहेर पडली. पत्ता तिने आदल्या दिवशीच मुलीकडून घेऊन ठेवला होता.

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. चिमणीला बघून तिचा चेहरा उजळला. तिने हात पुढे केला, पोटावर ठेवण्यासाठी. चिमणी मागे सरकली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. दिवस गेले नव्हते. कळा नव्हत्या. वहिनी हलत नव्हत्या म्हणून ती तसं म्हणाली होती.

बाई ऐकत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती एकदाची सुरू झाली.

"मूल नाहीच तर," बाई शेवटी म्हणाली.

"नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आगीचं."

"मी सांगितलं होतं," चिमणी म्हणाली. "तुम्हालाही सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही."

"सांगितलं होतंत, खरं आहे." बाईला खोकला आला. तो थांबायला वेळ लागला. तिने रुमालाने तोंड पुसलं आणि रुमालाकडे बघून तो दुमडला. "मीच म्हटलं ना, एवढी माणसं उभी आहेत म्हणून. त्याचं मी तुम्हाला काही म्हणत नाही. पण पोटुशी झालात तेव्हा तर सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा मला नुसतं म्हणायचं होतंत, दुसऱ्या बाजूने धरा. मी आले असते. ट्रॉली टाकून आले असते."

चिमणी उभीच राहिली. इतक्या दिवसांत, इतक्या रात्रींत, तिच्या मनात हजार गोष्टी येऊन गेल्या होत्या. ही आली नव्हती.

"बसा ना," बाई म्हणाली. पण ती बसण्याची नव्हे, जाण्याची वेळ होती हे दोघींना कळत होतं. दारापर्यंत मुलगी पोचवायला आली, तिने हसून विचारलं, "पाचवा लागेल ना आता?" चिमणीने मागे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होती.

घरी थोरली गच्चीत कपडे वाळत घालत होती. चिमणी वर गेली, बादलीतली चादर उचलली, दोघींनी दोन टोकं धरून पिळली.

"सांगितलंस?" थोरलीने विचारलं.

"हो."

"काय म्हणाल्या?"

चिमणीने सांगितलं, शब्दाला शब्द. चादरीतलं पाणी थोरलीच्या पायांवर पडत राहिलं आणि तिने ती दोरीवर टाकली नाही. खालून कटरचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता.

"मलाही सुचलं नाही गं," थोरली म्हणाली.